व्हीआरमधील मोशन ट्रॅकिंगची वापरसुलभता कशी तपासावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बेळगाव परिसरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे व्हीआर (आभासी वास्तव) प्रकल्प पाहताना आणि उद्यमबागेतील फाउंड्री कामगारांसाठी प्रशिक्षणाचे प्रयोग करताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली आहे. ट्रॅकिंग, म्हणजे हात आणि डोके कुठे आहेत हे टिपणे, किती मिलिमीटरने चुकते हे आधी मोजले जाते, मग वर्गातल्या दहा मित्रांना हेडसेट घालून एक प्रश्नावली भरून घेतली जाते आणि सरासरी काढून "प्रणाली वापरसुलभ आहे" असा निष्कर्ष लिहिला जातो. मिलिमीटरचा आणि माणसाच्या अनुभवाचा संबंध कोणी जोडलेलाच नसतो. आयएसओ ९२४१-११ या मानकातील वापरसुलभतेची व्याख्या ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टे आणि ठरावीक परिस्थिती यांच्याशी बांधलेली आहे, आणि तिचे मोजमाप परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान या तीन अंगांनी करायचे असते. म्हणून कोणतीही ट्रॅकिंग प्रणाली स्वतंत्रपणे वापरसुलभ नसते; ती कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि कुठल्या खोलीत, हे सांगितल्याशिवाय विधान पुरे होत नाही.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. उदाहरण म्हणून ओतकामाचा सराव घेतला आहे: लांब दांड्याच्या लॅडलमध्ये (ओतण्याच्या पळीत) वितळलेल्या लोखंडाचा रस घ्यायचा, चार पावले चालायचे आणि साच्यात ओतायचा.

## टप्पा १: आधी काम लिहून काढा, प्रणाली नंतर निवडा

बहुतेक जण याच्या उलट करतात. हातात आलेल्या हेडसेटला जे जमते तेच काम चाचणीला ठेवले जाते: हवेतले ठोकळे उचलणे किंवा समोरची बटणे दाबणे. असे काम जवळजवळ प्रत्येक प्रणालीवर चांगले पार पडते आणि त्यातून काहीच कळत नाही.

प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाजवळ अर्धा दिवस उभे राहा आणि हाताची प्रत्येक स्थिती टिपा. लॅडल धरणाऱ्याचे दोन्ही हात कमरेच्या पातळीवर, एकामागे एक आणि शरीराला लागून असतात, तर नजर हातांवर नसून पुढच्या साच्यावर असते. हेडसेटवरील कॅमेऱ्यांनी हात टिपणाऱ्या प्रणालीसाठी ही अत्यंत अवघड स्थिती आहे, कारण एक हात दुसऱ्याच्या आड जातो आणि दोन्ही हात कॅमेऱ्यांच्या दृष्टिक्षेत्राच्या खालच्या कडेला येतात. खांबांवर किंवा भिंतीवर बसवलेल्या बेस स्टेशनच्या (कंट्रोलरचे स्थान ओळखण्यासाठी किरण सोडणाऱ्या पेट्यांच्या) प्रणालीत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. तिथे माणसाचे धडच हातात धरलेला कंट्रोलर आणि स्टेशन यांच्या मध्ये येते. कामाचे असे सहा ते आठ तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे "हात दिसतो", "अर्धवट झाकला जातो" किंवा "दिसत नाही" अशी नोंद करा.

प्रत्येक तुकड्यासाठी यशाची अट आकड्यात लिहा. उदाहरणार्थ, रस साच्याच्या तोंडाबाहेर सांडू नये आणि ओतणे मध्येच थांबू नये. अट चाचणीनंतर ठरवली, तर ती निकालाकडे पाहून ठरते.

तपासणी: तुमच्या यादीत प्रणालीला अडचणीचे ठरतील असे किमान दोन तुकडे आहेत का? नसतील तर यादी अपुरी आहे.

## टप्पा २: एका वेळी एकच गोष्ट बदला

एका कंपनीचा हेडसेट बेस स्टेशनसह आणि दुसऱ्या कंपनीचा हेडसेट कॅमेरा-ट्रॅकिंगसह शेजारी ठेवून तुलना केली, तर पडदा, वजन, पट्टा, भिंगे आणि ट्रॅकिंग असे सगळेच बदलते. कामगाराने दुसऱ्याला कमी गुण दिले तर ते कशाला दिले हे सांगता येत नाही. शक्य असेल तर हेडसेट आणि दृश्य तेच ठेवावे आणि केवळ हात टिपण्याची पद्धत बदलावी, म्हणजे एकदा कंट्रोलर आणि एकदा मोकळे हात. दोन वेगळे हेडसेट घेण्याशिवाय इलाजच नसेल, तर अहवालात "ट्रॅकिंगची तुलना" हे शब्द वापरू नयेत. ती दोन संपूर्ण संचांची तुलना आहे.

इशारा: अभ्यास चालू असताना हेडसेटचे स्वयंचलित अपडेट बंद ठेवा, निदान वाय-फाय तोडून ठेवा. अपडेटने हात ओळखण्याची पद्धत बदलू शकते, आणि मग पहिले सहा जण एका प्रणालीवर व उरलेले सहा जण दुसऱ्याच प्रणालीवर तपासले गेलेले असतात.

## टप्पा ३: खोली तयार करा

एकदा आम्ही पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या खोलीत चाचणी घेतली. सकाळी एक पद्धत आणि दुपारी दुसरी, असा सोयीचा क्रम लावला होता. दुपारच्या उन्हात कंट्रोलर वारंवार हरवत राहिले आणि आम्ही तो दोष पद्धतीच्या नावावर लिहिला. सूर्यप्रकाशात अवरक्त किरणे भरपूर असतात, आणि अवरक्त दिवे किंवा लेझर वापरणाऱ्या ट्रॅकिंगला ती थेट बाधतात. दोन दिवसांची सगळी मोजमापे टाकून द्यावी लागली. म्हणून पडदे जाड लावा आणि प्रकाश पूर्णपणे विजेच्या दिव्यांचा ठेवा. अंधारही चालत नाही, कारण हेडसेटवरील कॅमेऱ्यांना भिंती आणि वस्तूंचे तपशील दिसावे लागतात. कोरी पांढरी भिंत असेल तर तिच्यावर दिनदर्शिका, भित्तिपत्रके असे काहीतरी लावावे; आरसे आणि चकचकीत काचा झाकाव्यात.

काही हेडसेटमध्ये ट्रॅकिंगची वारंवारता ५० किंवा ६० हर्ट्झ अशी निवडता येते. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिव्यांच्या लुकलुकण्याशी कॅमेरे जुळण्यासाठी ५० निवडावी.

बेस स्टेशन वापरत असाल तर ती डोक्याच्या उंचीच्या वर, साधारण दोन मीटरपेक्षा उंच, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, खाली कललेली आणि न हलणाऱ्या आधारावर बसवावीत. पंख्याने थरथरणारे कपाट हा आधार नव्हे. चुंबकमापकावर अवलंबून असलेले जडत्व-संवेदक (हालचाल आणि दिशा ओळखणारे छोटे संवेदक) शरीरावर बांधणार असाल, तर लोखंडी कपाटे, यंत्रे आणि विशेषतः इंडक्शन भट्टी यांच्यापासून दूर राहावे. चाचणी प्रत्यक्ष फाउंड्रीच्या आवारात घ्यावी असा मोह उद्यमबाग किंवा मच्छे येथे हमखास होतो, पण तिथल्या लोखंडामुळे दिशा सरकत जाते. प्रत्यक्ष प्रशिक्षण तिथेच होणार असेल तर मात्र तीच जागा तपासायला हवी, आणि तसे स्पष्ट लिहायला हवे.

पावसाळ्यात इथे वीज खंडित होणे आणि हवेतील दमटपणा या दोन्ही गोष्टी गृहीत धराव्यात. संगणक आणि बेस स्टेशन दोन्ही यूपीएसवर असावीत, कारण बेस स्टेशन बंद होऊन पुन्हा चालू झाले तर ते सत्र बाद धरावे लागते. भिंगांवर धुके धरले तर माणूस "हात नीट दिसत नाही" असे सांगतो आणि ते ट्रॅकिंगबद्दल आहे असे आपण समजतो.

## टप्पा ४: माणसांच्या आधी यंत्राची पायारेषा मोजा

पायारेषा म्हणजे सहभागी येण्याआधी यंत्र स्वतः किती चुकते याचे मोजमाप. हा टप्पा वगळला, तर पुढे एखादा सहभागी चुकला की चूक माणसाची, कामाची की ट्रॅकिंगची, हे उलगडत नाही. चार मोजमापे पुरेशी आहेत.

थरथर. कंट्रोलर तिपाईवर घट्ट बसवून ६० सेकंद त्याचे स्थान नोंदवा आणि तिन्ही अक्षांवरील प्रमाण विचलन मिलिमीटरमध्ये काढा. खोलीच्या मध्याबरोबर कडांनाही हे करा. मोकळ्या हाताच्या ट्रॅकिंगसाठी कोपर टेबलावर टेकवून हात स्थिर ठेवावा. त्यात हाताची स्वतःची थरथरही मिसळते, हे लक्षात ठेवावे.

अंतर. जमिनीवर ५० सेंटिमीटरच्या चौकटीत नऊ बिंदू टेपने आखून प्रत्येक बिंदूवर कंट्रोलर ठेवा आणि प्रणालीने सांगितलेली अंतरे खऱ्या अंतरांशी ताडून पाहा.

सरक. एका बिंदूवरून निघून दहा मिनिटे खोलीत फिरा, त्याच बिंदूवर परत या आणि फरक नोंदवा.

विलंब. २४० चौकटी (फ्रेम) प्रतिसेकंद टिपणारा मोबाइल कॅमेरा यासाठी पुरतो. कंट्रोलर आणि भिंगातून दिसणारे दृश्य एकाच चित्रीकरणात येईल असा कॅमेरा लावा, कंट्रोलर अचानक हलवा आणि दृश्य हलेपर्यंतच्या चौकटी मोजा. एक चौकट सुमारे ४.२ मिलिसेकंदांची असते, म्हणून याहून बारीक फरक या पद्धतीने कळत नाही. निदान वीस वेळा मोजून मध्यक घ्या. संथ, एकसारख्या हालचालीवर मोजू नका, कारण प्रणाली पुढच्या स्थानाचा अंदाज बांधून विलंब झाकते. अचानक सुरुवात आणि अचानक थांबणे यांतच तो उघडा पडतो. शेजारच्या मॉनिटरवरील प्रतिमा मोजली तर मॉनिटरचा स्वतःचा विलंब त्यात मिळतो, ही चूक मी अनेक अहवालांत पाहिली आहे.

याच टप्प्यावर नोंदवहीचा आराखडा ठरवा. ओपनएक्सआरमध्ये (व्हीआर सॉफ्टवेअरसाठीच्या खुल्या मानकात) एखादे स्थान "वैध" आहे आणि ते "प्रत्यक्ष ट्रॅक होत आहे" हे सांगणारी दोन वेगळी चिन्हे असतात. हात कॅमेऱ्याबाहेर गेल्यावरही प्रणाली अंदाजाने स्थान देत राहते आणि ते वैध म्हणून नोंदले जाते. फक्त पहिले चिन्ह जतन करणाऱ्यांच्या नोंदीत ट्रॅकिंग कधी तुटतच नाही. दोन्ही चिन्हे, वेळेसह, प्रत्येक चौकटीला नोंदवा.

तपासणी: मुद्दाम हात पाठीमागे न्या आणि दुसरे चिन्ह बदलते का ते पाहा. बदलत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: सहभागी आणि त्यांचा क्रम

ओतकाम शिकणारा माणूस येळ्ळूर किंवा कंग्राळीहून सायकलने कामावर येणारा, चाळिशीतला, चष्मा लावणारा असू शकतो. त्याच्या जागी मोबाइलवर खेळ खेळणारे वीस वर्षांचे विद्यार्थी घेतले, तर निकाल विद्यार्थ्यांबद्दलचा असतो. चष्मा, डोळ्यांतील अंतर, प्रमुख हात आणि पूर्वी व्हीआर वापरले आहे का, या बाबी आधी नोंदवा. डोळ्यांतील अंतर मोजून भिंगे जुळवणे दोन मिनिटांचे काम आहे, पण ते टाळल्यास होणारा डोळ्यांचा ताण ट्रॅकिंगच्या माथी मारला जातो.

काचेच्या बांगड्या, लांब बाह्या आणि जाड चामडी हातमोजे हे मोकळ्या हाताच्या ट्रॅकिंगला अडथळा ठरू शकतात. बांगड्या काढण्याची सक्ती करू नये. त्या घातलेल्या असताना काय झाले ते नोंदवावे, कारण प्रत्यक्ष वापरातही त्या असणार आहेत. हातमोज्यांचा प्रश्न तर फाउंड्रीत टाळताच येत नाही. अंबाडा आणि गजरा यांवर मागचा पट्टा बसत नाही. पट्टा हळूहळू सरकतो, दृश्य तिरके होते आणि दोष पुन्हा ट्रॅकिंगवर येतो. कपाळावरचे कुंकू हेडसेटच्या गादीला लागते, म्हणून प्रत्येक सहभागीसाठी वेगळे कापडी आवरण ठेवावे.

संख्येबद्दल दोन वेगळे हेतू मिसळू नयेत. अडचणी शोधायच्या असतील तर पाच ते आठ जणांकडून बरेच कळते. दोन पद्धतींची आकड्यांनी तुलना करायची असेल तर त्याहून जास्त माणसे लागतात आणि क्रम फिरवावा लागतो. दोन पद्धती असल्यास निम्म्यांना आधी पहिली, निम्म्यांना आधी दुसरी द्यावी. तीन असल्यास सहा क्रम होतात, म्हणून सहभागी १२, १८ किंवा २४ असावेत. हा क्रम कागदावर आधीच लिहून ठेवावा, आलेल्या माणसाकडे पाहून ठरवू नये.

इशारा: कामगारांचा मुकादम किंवा विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक खोलीत नसावा. संमतीपत्रात, सहभागीला वाचता येणाऱ्या भाषेत, तो कधीही थांबू शकतो आणि त्याची वैयक्तिक कामगिरी मालकाला दाखवली जाणार नाही, असे स्पष्ट लिहावे आणि ते पाळावे.

## टप्पा ६: प्रश्नावली आणि तिची भाषा

आपल्या सीमाभागात सर्वाधिक मोजमापे याच ठिकाणी बिघडतात, म्हणून इथे सावकाश जावे.

तीन प्रश्नावल्या सहसा वापरल्या जातात. जॉन ब्रुक यांची एसयूएस ही दहा विधानांची प्रश्नावली एकंदर वापरसुलभतेसाठी आहे. हार्ट आणि स्टेव्हलँड यांची १९८८ची नासा-टीएलएक्स ही कामाचा भार सहा अंगांनी मोजते. केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ची एसएसक्यू ही मळमळ, डोळ्यांचा ताण आणि दिशाभ्रम यांची सोळा लक्षणे शून्य ते तीन या श्रेणीत विचारते. तिन्ही मूळ इंग्रजीत आहेत आणि घाईघाईने मराठीत आणल्या की बिघडतात.

एसयूएसमधील आठव्या विधानाचे भाषांतर एका गटाने "प्रणाली वापरायला अवजड वाटली" असे केले होते. सहभागींनी त्याचा अर्थ हेडसेटचे वजन असा घेतला आणि त्याप्रमाणे गुण दिले. "वापरताना अडचणीची वाटली" असे लिहिल्यावर उत्तरे बदलली. "प्रणाली" हा शब्दही धोक्याचा आहे, कारण सहभागी त्यात चित्रे, आवाज, हेडसेट असे सर्व धरतो. त्याऐवजी "हात टिपण्याची ही पद्धत" असे लिहावे. भाषांतर एकाने करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणावे, फरक मिटवावेत, आणि मग तीन-चार जणांना प्रत्येक विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि चुका नेमक्या तिथेच सापडतात.

घरात मराठी बोलणाऱ्या अनेकांचे शिक्षण कन्नड माध्यमात झाले आहे. ते मराठी बोलतात, पण वाचतात कन्नड. बोलण्याची भाषा पाहून मराठी कागद हातात दिला, तर माणूस संकोचाने अंदाजे खुणा करतो. "तुम्हाला कोणत्या भाषेत वाचायला सोपे जाते?" हे आधी विचारावे आणि मराठी व कन्नड दोन्ही प्रती तयार ठेवाव्यात. एका माणसाने सर्व पद्धतींसाठी एकाच भाषेची प्रत वापरली पाहिजे. निम्म्यांना वाचून दाखवणे आणि निम्म्यांना स्वतः भरू देणे टाळावे, कारण तोंडी विचारल्यावर माणूस समोरच्याला बरे वाटेल असे उत्तर देतो.

बोलून दाखवलेले विचार लिहून घेताना आणखी एक खबरदारी हवी. बेळगावकडच्या बोलीत "खरं" हा शब्द "पण" या अर्थाने येतो. "हात दिसतोय खरं जरा मागं राहतोय" या वाक्यात तक्रार आहे. बाहेरगावच्या लेखनिकाने "हात दिसतोय, खरं" असे तोडून ते अनुकूल मत म्हणून नोंदवलेले मी पाहिले आहे. नोंदी इथल्या बोलीच्या माणसाने तपासाव्यात.

## टप्पा ७: दोन माणसांवर पूर्ण तालीम

मुख्य चाचणीत नसणाऱ्या दोघांवर स्वागतापासून निरोपापर्यंत सर्व काही करून पाहा, वेळ मोजा, आणि त्यांच्या नोंदींवर आकडेमोडही पूर्ण करा. नोंदवहीत एखादा स्तंभ राहून गेला असेल तर तो इथेच कळतो. या दोघांची मोजमापे अंतिम निकालात धरू नयेत.

## टप्पा ८: प्रत्यक्ष सत्र

१. हेडसेट घालण्याआधी एसएसक्यू भरून घ्या. केवळ नंतर भरून घेणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. मे महिन्यात दुपारी चालत आलेला माणूस घामाघूम असतो, आणि "घाम येणे" हे त्या यादीतील एक लक्षण आहे.

२. सूचना कागदावरून सर्वांना शब्दशः सारख्या वाचून दाखवा. नंतर सराव द्या, आणि तो ठरावीक यशापर्यंत चालू ठेवा, ठरावीक मिनिटांपर्यंत नव्हे.

३. सत्राच्या सुरुवातीला बाहेरच्या कॅमेऱ्यासमोर सहभागीला एक टाळी वाजवायला सांगा, कंट्रोलर असल्यास ते हलकेच एकमेकांना टेकवायला सांगा. या खुणेवरून चित्रीकरण आणि संगणकाची नोंद वेळेत जुळवता येते.

४. आधी साधे लक्ष्यवेधाचे काम द्या. फिट्सच्या नियमाप्रमाणे (लक्ष्य जितके दूर आणि लहान, तितके ते गाठणे कठीण) अंतराला रुंदीने भागून त्यात एक मिळवायचा; येणाऱ्या संख्येचा दोन पाया असलेला लॉगॅरिदम म्हणजे काठिण्य. ४० सेंटिमीटरवरील ५ सेंटिमीटर रुंद लक्ष्याचे काठिण्य सुमारे ३.१७ बिट येते. किमान तीन वेगवेगळी काठिण्ये ठेवा. त्यानंतरच ओतकामाचे खरे काम द्या.

५. काम चालू असताना मदत करू नका. सहभागी अडखळला की बहुतेक जणांच्या तोंडून "हात जरा वर घ्या" असे निघते, आणि त्या क्षणी चाचणी संपते. किती वेळ थांबून मदत करायची ते आधीच ठरवा, आणि केलेली मदत अपयश म्हणून नोंदवा.

६. प्रत्येक पद्धतीनंतर लगेच एसएसक्यू, मग नासा-टीएलएक्स, मग एसयूएस भरून घ्या. लक्षणे लवकर ओसरतात, म्हणून ती आधी विचारावीत. पुढील पद्धतीपूर्वी किमान पंधरा मिनिटे विश्रांती द्या, आणि लक्षणे मूळ पातळीवर आली नसतील तर आणखी थांबा.

इशारा: सहभागी दुचाकीने आला असेल तर सत्र संपल्यावर किमान अर्धा तास त्याला बसवून ठेवा, आणि चक्कर वाटत असेल तर गाडी चालवू देऊ नका.

## टप्पा ९: आकडेमोड

एसयूएसमध्ये विषम क्रमांकांच्या विधानांच्या गुणांतून एक वजा करायचा, सम क्रमांकांचे गुण पाचातून वजा करायचे, बेरीज करून २.५ने गुणायचे. समजा उत्तरे क्रमाने ४, २, ४, १, ४, ३, ५, २, ४, २ अशी आहेत. विषम विधानांचे १६ आणि सम विधानांचे १५ मिळून ३१ होतात, आणि गुण ७७.५ येतात. सम विधाने न उलटता केली, तर तोच माणूस ५२.५ देतो. हे गुण शंभरपैकी असले तरी टक्के नव्हेत. अनेक अभ्यासांतील सरासरी ६८च्या आसपास असल्याने ७० म्हणजे उत्तम असे समजू नये.

एसएसक्यूमध्ये काही लक्षणे दोन गटांत मोजली जातात. मळमळ गटाची बेरीज ९.५४ने, डोळ्यांच्या गटाची ७.५८ने आणि दिशाभ्रमाची १३.९२ने गुणायची, तर एकूण गुणांसाठी तिन्ही कच्च्या बेरजांची बेरीज ३.७४ने गुणायची. गुणलेल्या आकड्यांची बेरीज करून एकूण काढणे चूक आहे.

तुलना प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या दोन आकड्यांतील फरकावर करा. सहभागी थोडे असतील तर विलकॉक्सनची चिन्हांकित क्रमवारी चाचणी (अशा जोडीतील फरकांसाठीची संख्याशास्त्रीय चाचणी) योग्य ठरते, पण तिच्या आधी प्रत्येक सहभागीची रेषा दाखवणारा आलेख काढा. बारापैकी दहा जणांना मोकळे हात सोपे गेले आणि दोघांना काम पूर्णच करता आले नाही, ही बाब सरासरीत दिसत नाही, आणि प्रशिक्षणाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची असते.

यानंतर टप्पा ४ची नोंद उपयोगी पडते. प्रत्येक चुकीच्या आधीच्या दोन सेकंदांत ट्रॅकिंग तुटले होते का, ते तपासा. तुटले असेल तर चूक ट्रॅकिंगच्या खात्यात. नसेल तर कामाची मांडणी, सूचना किंवा सराव यांकडे पाहा. हात टिपला जात असूनही रस सांडत असेल तर विलंब किंवा थरथर यांची पायारेषा पुन्हा पाहावी.

तपासणी: प्रत्येक अपयशासमोर कारणाचा रकाना भरलेला आहे का? "कारण कळले नाही" हेही लिहा, पण रिकामे ठेवू नका.

## टप्पा १०: अहवालात काय असावे

खोलीचे माप, प्रकाश, खिडक्या, हेडसेट व कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, पायारेषेचे आकडे, प्रश्नावल्यांचे मराठी व कन्नड पाठ जसेच्या तसे, बाद केलेली सत्रे आणि ती बाद करण्याची कारणे या बाबी द्याव्यात. निष्कर्ष वापरकर्ते, काम आणि जागा यांच्यासह लिहावा: "जाड हातमोजे घालून कमरेच्या पातळीवर लॅडल धरताना मोकळ्या हाताचे ट्रॅकिंग या खोलीत पुरेसे ठरले नाही" हे विधान उपयोगी आहे. पुढे सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तर आधी टप्पा ४ची चार मोजमापे आणि हात पाठीमागे नेण्याची तपासणी पुन्हा करावी. आकडे जुन्यांपासून स्पष्टपणे हलले असतील, तर नवे सहभागी बोलावून टप्पा ७पासून सुरुवात करावी.